परदेशात ‘स्थानिक’, घरी ‘गावठी’

विशेष प्रतिनिधी, जळगाव

खान्देशातील मध्यमवर्ग परदेशी सहलींना सरावला, त्याला आता बराच काळ लोटला. केळी, कापूस, डाळ उद्योग आणि सुवर्णपेठ यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या जळगावच्या आणि व्यापारउदिमात मुरलेल्या धुळ्याच्या नव्या पिढीला बँकॉक, सिंगापूर, दुबई अपरिचित राहिलेले नाहीत. प्राग, ब्रुसेल्स, म्युनिक ही नावेही बैठकीत सहज निघू लागली आहेत. सहलीहून परतलेल्या मित्रमंडळींच्या गप्पांत हल्ली एक विषय हमखास असतो, तो म्हणजे तिथल्या बिअरचा. कुठल्या शहरात कोणती चाखली, कोणती कडवट होती, कोणती गव्हाची, कोणती पाण्यासारखी, याची उजळणी होते आणि पाठोपाठ क्रमवारी लागते. पहिला क्रमांक प्रागला, दुसरा बेल्जियमच्या मठातल्या बिअरला, बँकॉकला कसाबसा पाचवा.

यातली गंमत अशी की, हाच पर्यटक सहल निश्चित करताना रात्रीच्या जेवणात वरण-भात मिळेल ना, याची दोनदा खात्री करून घेतो. खाण्याच्या बाबतीत तो घर सोडत नाही. पिण्याच्या बाबतीत मात्र ‘इथले स्थानिक काय?’ असे आवर्जून विचारतो. त्या प्रश्नामागचे कुतूहल निरोगी आहे. परंतु खान्देशात परत पाऊल ठेवताच ते कुतूहल कुठे लोप पावते, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या या समाजाला आपल्याच प्रदेशातील शतकानुशतकांचे पेय ठाऊक आहे ते केवळ वृत्तपत्राच्या आतल्या पानावरील चौकटीपुरते: ‘गावठी दारूचा अड्डा उद्ध्वस्त, रसायन नष्ट, गुन्हा दाखल.’ परदेशात जे ‘स्थानिक’ म्हणून गौरविले जाते ते घरी ‘गावठी’ ठरते. हा फरक निव्वळ चवीचा नाही. तो कायद्याचा, करपद्धतीचा आणि अंतिमतः आदिवासींच्या उपजीविकेचा आहे.

क्रमवारी लागते कशी?

बिअरला गुण देण्याची हौस वाटते तितकी जुनी नाही. ब्रिटिश पत्रकार मायकेल जॅक्सन (प्रख्यात गायकाशी त्यांचा संबंध नाही) यांनी १९७७ मध्ये जगभरातील बिअरची ओळख करून देणारा ग्रंथ लिहिला आणि बिअरचे देश, प्रदेश व शैलीनुसार वर्गीकरण लोकांपुढे ठेवले. तोवर बिअर म्हणजे कामगाराचे पेय आणि वाइन म्हणजे रसिकाचे, अशी सरळ वाटणी होती. त्यापूर्वीच, १९७१ मध्ये, ब्रिटनमध्ये पारंपरिक एल वाचविण्यासाठी ग्राहकांची चळवळ उभी राहिली होती. इंटरनेट आल्यावर गुणांकन सामान्य ग्राहकाच्या हाती गेले. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘रेटबिअर’ या संकेतस्थळावर जगभरातील हौशी मंडळी चव, वास, रंग, फेस यांना गुण देत. पुढे जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीने हे संकेतस्थळ विकत घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बंद झाले. आज हीच हौस ‘अनटॅप्ड’सारख्या मोबाइल अ‍ॅपवर भागवली जाते.

या क्रमवारीने काय घडू शकते, याचे ठळक उदाहरण बेल्जियममधील वेस्टव्हलेटरेन या खेड्याचे. तेथील सेंट सिक्स्टस मठातील भिक्षू मर्यादित प्रमाणात बिअर बनवतात आणि मुख्यत्वे मठाच्या दारातच विकतात. २००५ मध्ये त्यांची एक बिअर जगात पहिली ठरल्याचे जाहीर होताच मठाबाहेर मोटारींच्या रांगा लागल्या आणि साठा संपला. भिक्षूंनी मात्र उत्पादन वाढविण्यास नकार दिला. मठ चालावा यासाठी बिअर आहे, बिअर खपावी यासाठी मठ नाही, ही त्यांची भूमिका होती. ‘ट्रॅपिस्ट’ हे नाव लावायचे तर बिअर मठाच्या आवारात, भिक्षूंच्या देखरेखीखाली बनली पाहिजे आणि तिचे उत्पन्न मठाचा चरितार्थ व समाजकार्य यांसाठीच वापरले पाहिजे, असा दंडक आहे.

अशा याद्यांना मर्यादाही असतात. जागतिक याद्यांच्या माथ्यावर सहसा गडद रंगाच्या, जास्त मद्यार्काच्या, उंची बिअर दिसतात. उष्ण प्रदेशातील हलक्या लागर तळाशी जातात. याचा अर्थ त्या वाईट असतात असा नाही. बँकॉकच्या उकाड्यात बर्फाचे खडे घालून घेतली जाणारी बिअर त्या हवेसाठीच घडलेली असते. हनोईत ‘बिया होई’ नावाची हलकी, ताजी बिअर रोज सकाळी पिंपांतून फुटपाथवरच्या दुकानांत पोहोचते आणि त्याच दिवशी संपते. ती बाटलीत भरून दुसऱ्या देशात नेऊन तिला गुण देणे हा तिच्यावर अन्याय होय. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचा पारा सोसणाऱ्या जळगाव-भुसावळकरांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नसावी. भर उन्हात हिवाळ्याचा पदार्थ कुणी पानात वाढत नाही. ताजेपणा, तापमान आणि ऋतू या गोष्टी बाजूला सारून दिलेला क्रमांक हा पेयापेक्षा गुण देणाऱ्याच्या सवयीविषयीच अधिक सांगतो.

पेल्यामागचे गाव

तरीही पर्यटकाच्या यादीतील वरच्या नावांकडे नीट पाहिले, तर एक समान धागा दिसतो. त्या बहुतेक नावांमागे एक गाव आहे आणि त्या गावाने आपले नाव जपण्यासाठी काही नियम केले आहेत. जर्मनीतील बव्हेरियात १५१६ मध्ये निघालेल्या फर्मानाने बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालण्यास मनाई केली. कोलोनच्या मद्यनिर्मात्यांनी १९८६ मध्ये आपसांत करार करून ‘क्योल्श’ हे नाव कोणती बिअर लावू शकेल हे ठरविले. १९९७ मध्ये युरोपीय संघाने त्या नावाला संरक्षण दिले. बेल्जियमची बिअर संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

ज्यांनी नाव जपले नाही त्यांचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. आजच्या चेक प्रजासत्ताकातील प्लझेन शहरात १८३८ मध्ये नासक्या बिअरला वैतागलेल्या नागरिकांनी पिंपेच्या पिंपे नगरभवनासमोर ओतून दिल्याचे सांगितले जाते. त्यानंतर नागरिकांनी एकत्र येऊन स्वतःचा कारखाना काढला आणि १८४२ मध्ये तिथे सोनेरी रंगाची, पारदर्शक बिअर तयार झाली. आज जगात विकल्या जाणाऱ्या बहुतांश बिअरची धाटणी तीच आहे. ‘पिल्सनर’ हे नाव मात्र प्लझेनच्या हातून निसटून जगाचे झाले.

सारांश, युरोपातील पर्यटक चव विकत घेतो तेव्हा तो एक व्यवस्थाही विकत घेत असतो. कोणी बनवायचे, कशापासून बनवायचे, कोणत्या नावाने विकायचे आणि पैसा कोणाकडे जायचा, याची उत्तरे त्या व्यवस्थेने आधीच देऊन ठेवलेली असतात.

अजिंठ्याच्या अलीकडे-पलीकडे

खान्देशाला बिअर परकी नाही. देशातील बिअरनिर्मितीचे एक मोठे केंद्र अजिंठ्याच्या घाटापलीकडे, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज व चिकलठाणा औद्योगिक वसाहतींत आहे. परंतु तिथे तयार होणाऱ्या बिअरवर मराठवाड्याच्या मातीची कोणतीही खूण नसते. नाव कंपनीचे, पाककृती कंपनीची, धान्य कुठलेही. स्थानिक असते ते पाणी. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यकारखान्यांच्या पाण्यात मोठ्या कपातीचा आदेश दिला, तेव्हा हे नाते प्रथमच सर्वसामान्यांच्या ध्यानात आले. २००९ मध्ये पुण्यात पहिली सूक्ष्म मद्यनिर्मिती सुरू झाली आणि मोठ्या शहरांत ताज्या बिअरची लाट आली. सर्वसाधारण बाजारात मात्र आजही अधिक मद्यार्काच्या ‘स्ट्राँग’ बिअरचेच वर्चस्व आहे. चवीपेक्षा रुपयामागे नशा किती, हा हिशेब त्यामागे आहे.

सार्वजनिक चर्चाही त्याच हिशेबाभोवती फिरते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गालगतची मद्यविक्री बंद करण्याचा आदेश दिल्यानंतर जळगाव शहरातील रस्त्यांचा दर्जा बदलण्याचा विषय २०१७ मध्ये गाजला. वाद होता दुकाने वाचण्या-न वाचण्याचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बिअरवरील शुल्क कमी केल्यास महसूल वाढेल काय, हे तपासण्यासाठी राज्याने समिती नेमली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने प्रतिलिटर २६० रुपयांपर्यंत निर्मितीमूल्य असलेल्या विदेशी मद्यावरील शुल्क तिपटीवरून साडेचारपट केले. बिअर व वाइन यांना त्यातून वगळले. वर्षाला चौदा हजार कोटी रुपयांचा जादा महसूल अपेक्षित असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. परवाना, रस्ता आणि महसूल या तीन शब्दांत आपल्याकडील मद्यविषयक चर्चा आटोपते. पेय कुठले, कोणाचे, कशाचे, हा प्रश्न तिच्यात येत नाही.

मोहाचे झाड

तो प्रश्न विचारला, तर उत्तर सातपुड्यात सापडते. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांचा डोंगरपट्टा, साक्रीचा पश्चिम भाग आणि १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेला नंदुरबार जिल्हा हा भिल्ल, पावरा, तडवी, कोकणी, मावची समाजांचा मुलूख आहे. इथल्या रानात आणि शेताच्या बांधावर मोहाचे झाड असते. मार्च-एप्रिलमध्ये, शेतीची कामे थांबलेली असताना, पहाटे झाडाखाली मांसल, फिकट पिवळसर फुलांचा सडा पडतो. बायका-मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात. फुले वाळवून साठविली जातात. साखरेचे प्रमाण भरपूर असल्याने ती भाकरीबरोबर, भाजून, शिजवून खाल्ली जातात. दुष्काळात त्यांनी माणसे जगविली आहेत. बियांचे तेल निघते. आणि त्याच फुलांना पाण्यात आंबवून, मडक्यात तापवून, वाफ थंड करून मोहाची दारूही काढली जाते.

काटेकोर अर्थाने ती बिअर नव्हे. बिअर धान्य आंबवून होते, मोहाची दारू फुले आंबवून व ऊर्ध्वपातन करून. परंतु पर्यटकाच्या ‘इथले स्थानिक काय?’ या प्रश्नाचे खान्देशातील प्रामाणिक उत्तर तेच आहे. जन्म, विवाह, मृत्यू, देवाचे कार्य यांत तिचे स्थान ठरलेले आहे. आधी काही थेंब जमिनीला आणि पूर्वजांना, मग माणसांना. काठीच्या राजवाडी होळीला दूरदूरचे लोक कौतुकाने जातात, ढोलाच्या तालावरची छायाचित्रे काढतात. त्या उत्सवामागच्या जीवनपद्धतीत मोहालाही जागा आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

याठिकाणी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. शहरालगतच्या वस्त्यांत गूळ आणि नवसागर वापरून जी हातभट्टी लावली जाते, ती आणि घरगुती मोहाची दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्वस्त नशेच्या बाजारपेठेसाठी घाईने काढली जाते. दुसरी ऋतू, विधी आणि घर यांच्याशी बांधलेली आहे. बातमीत मात्र दोन्हींना ‘गावठी’ हा एकच शब्द लावला जातो, आणि कायद्यासमोरही दोन्ही सारख्याच ठरतात.

‘देशी’, ‘विदेशी’ आणि मधले रान

हे कसे घडले, याचा इतिहास ब्रिटिश काळात सापडतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती परवान्याखाली आणून गावोगावच्या भट्ट्यांऐवजी मोजक्या मध्यवर्ती भट्ट्या आणि मक्तेदार उभे केले. जे पेय घरी बनत होते, ते दुकानातून पैसे मोजून घेण्याची वेळ आली. पैसे नसतील तर उधारीवर. दारूविक्रेता हाच सावकार असण्याचे चित्र आदिवासी भागांत त्यातून रूढ झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्याने तत्त्व बदलले, परंतु घरगुती भट्टी गुन्हाच राहिली. आजही महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी परवाना लागतो, ही बाब हॉटेलात बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, हा भाग वेगळा. शहरातला ग्राहक परवान्याविना निश्चिंत असतो. पाड्यावरील बाई पाच-दहा लिटरसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढते.

कायद्याची वर्गवारीही मोठी विलक्षण आहे. मळीच्या मद्यार्कापासून इथल्याच कारखान्यात बनणारे पेय ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ ठरते. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलांचे संकलन, साठवणूक व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. म्हणजे तोवर झाडाखालचे फूल वेचून नेणेही संशयास्पद होते. एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे, मोहफुले व अन्य फळाफुलांपासून बनणाऱ्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ असा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हेतू चांगला होता. मूल्यवर्धन व्हावे, उत्पादकाला भाव मिळावा. तरीही सातपुड्याच्या फुलाला प्रतिष्ठा मिळविण्यासाठी कागदोपत्री विदेशी व्हावे लागते, यातील विसंगती लपत नाही. जून २०२५ च्या निर्णयात ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा प्रकार आला. नाव राज्याचे, पण तो धान्याधारित मद्यापुरता. धान्याला राज्याचे नाव मिळाले, फुलाला मिळाले नाही.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भरिताच्या वांग्यालाही मिळाले, नवापूरच्या तूरडाळीलाही. स्थानिक मालाला नाव दिले की भाव येतो, हे खान्देशाला आता नव्याने शिकवावे लागत नाही. मोहाचे नाव मात्र त्या यादीत नाही.

शेजाऱ्यांनी काय केले?

गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले आणि २०२१ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र धोरण आखले. गोव्याला जाणारा धुळेकर फेणीची बाटली भेट म्हणून घेऊन येतो. त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. त्याहून जवळचे उदाहरण नर्मदेच्या पैलतीरावरचे आहे. नंदुरबारच्या समोर, नदीपलीकडे मध्य प्रदेशचा अलिराजपूर जिल्हा लागतो. त्या राज्याने २०२२ मध्ये मोहाच्या मद्याला ‘वारसा मद्य’ म्हणून मान्यता देणारे धोरण आणले आणि अलिराजपूरमध्ये आदिवासी बचतगटामार्फत ‘मोंड’ या नावाने ते बाटलीबंद होऊ लागले. एकाच नदीच्या दोन काठांवर, नातीगोती असलेल्या समाजांत, एकीकडे जो वारसा आहे तो दुसरीकडे गुन्हा आहे.

मान्यता मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र नाही. याचा धडा केळीच्याच दुसऱ्या देशातून घेता येतो. पूर्व आफ्रिकेत युगांडा, रवांडा, टांझानिया या देशांत केळीपासून बिअर बनविण्याची जुनी परंपरा आहे. युगांडात तिचे ऊर्ध्वपातन करून कडक मद्यही काढतात. १९६५ मध्ये तेथील सरकारने कायदा करून गावोगावच्या उत्पादकांना परवाना सक्तीचा केला आणि आपले मद्य सरकारी कारखान्याला विकणे बंधनकारक केले. कारखान्याने ते शुद्ध करून ‘युगांडा वारागी’ या नावाने बाजारात आणले. आज ते नाव पर्यटकांच्या यादीत आहे. गावातील भट्ट्या मात्र कायद्याबाहेरच राहिल्या, आणि तिथे भेसळीच्या विषबाधेने माणसे मरत राहिली. नाव मोठे झाले, पण ज्यांच्या घरून ते आले त्यांच्या वाट्याला काही आले नाही. ‘विदेशी’ दर्जा मिळालेल्या मोहाचेही असेच होऊ शकते. परवाना, यंत्रसामग्री आणि शुल्क परवडणार कोणाला? पाड्यावरच्या बचतगटाला की आधीच उभ्या असलेल्या मद्यकारखान्याला? याचे उत्तर धोरणाच्या तपशिलात द्यावे लागते. केवळ दर्जा बदलून ते मिळत नाही.

दुसरी बाजू

या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक कठीण आहे, आणि तीही खान्देशातीलच आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तळोदा परिसरात गुलाम महाराजांच्या नेतृत्वाखाली आदिवासींची मोठी चळवळ उभी राहिली. अनुयायी परस्परांना ‘आप’ म्हणून संबोधत, आरतीसाठी एकत्र येत आणि मद्य सोडण्याची शपथ घेत. १९३८ मध्ये महाराजांचे निधन झाल्यानंतरही ती परंपरा टिकून राहिली. त्या काळी दारू सोडणे म्हणजे मक्तेदाराच्या आणि सावकाराच्या पाशातून सुटणे होते. तेव्हा मोहाचे मद्य म्हणजे आदिवासींची संस्कृती, असे शहरात बसून एका वाक्यात ठरवून टाकणे हा त्या समाजातील सुधारकांवर अन्याय ठरेल. तिथल्याच माणसांनी ते पेय पुजले आणि तिथल्याच माणसांनी ते सोडलेही.

गावात दारूचे दुकान नको म्हणून ‘आडव्या बाटली’साठी मतदान घडवून आणणाऱ्या महिलांचा आवाजही इथे मोजावा लागेल. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांचा हिशेब कोणत्याही महसुलाच्या आकड्यात नसतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये, मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, असे स्पष्ट केले आहे. प्रागच्या पेल्यालाही ते तितकेच लागू आहे.

परंतु याच युक्तिवादाचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यायला हवा. मालवणीत बळी घेणारा पदार्थ मोहाचे फूल नव्हता. कारखान्यात वापरले जाणारे रसायन चोरवाटेने दारूत आले होते. जे उघडपणे बनत नाही त्याची तपासणी होत नाही, आणि जिथे तपासणी नाही तिथे भेसळीला मोकळे रान मिळते. बेल्जियमच्या मठातील आणि कोलोनच्या कारखान्यातील पेय विश्वासाने पिता येते, कारण ते कोणी, कुठे, कशापासून बनविले याची नोंद असते. सातपुड्यातील पेयाची नोंद फक्त पंचनाम्यात होते.

निर्णय कोणाचा?

या गुंत्यातून बाहेर पडण्याची एक वाट कायद्यातच आहे, आणि ती नवीही नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दोन अधिकार एकत्रच दिले आहेत: मादक पदार्थांची विक्री व सेवन यांवर बंदी वा नियंत्रण घालण्याचा आणि गौण वनोपजाच्या मालकीचा. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही मोहासारख्या वनोपजावरील हक्क मान्य केला आहे. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर, साक्री या तालुक्यांतील अनेक गावे या क्षेत्रात मोडतात. याचा अर्थ, एखाद्या गावाने मोहाच्या फुलाचे मद्य नको, लाडू, सरबत आणि मुरंबा करू, असे ठरविले तर तो त्याचा अधिकार आहे. शेजारच्या गावाने बचतगटामार्फत, तपासणी करून, मोजक्या प्रमाणात, आपल्या नावाने मद्य बनवू असे ठरविले, तर त्याचाही विचार व्हायला हवा. आज दोन्ही गावांचा निर्णय तालुक्याच्या ठाण्यात किंवा मुंबईच्या मंत्रालयात होतो.

त्यासाठी शासनाला फार मोठे काही करावे लागणार नाही. मोहाला ‘विदेशी’ या छत्राखालून काढून स्वतंत्र प्रवर्ग द्यावा लागेल, लहान उत्पादकाला झेपेल असे परवानाशुल्क ठेवावे लागेल, तपासणीची प्रयोगशाळा जिल्ह्यात उपलब्ध करावी लागेल आणि भौगोलिक मानांकनाचा प्रस्ताव गावांच्या नावे करावा लागेल, एखाद्या कंपनीच्या नावे नव्हे. वेस्टव्हलेटरेनच्या भिक्षूंप्रमाणे किती बनवायचे आणि कुठे थांबायचे, हे ठरविण्याची मुभाही त्याच गावांकडे असली पाहिजे. असे झाले नाही तर फूल सातपुड्याचे, बाटली कारखान्याची आणि गुन्हा पाड्यावरचा, हीच वाटणी कायम राहील.

परदेशातून परतलेल्या पर्यटकाने बिअरची यादी जरूर करावी. प्लझेन, कोलोन, वेस्टव्हलेटरेन ही नावे त्या यादीत आली ती तिथल्या लोकांनी आपल्या पेयाची जबाबदारी स्वतःकडे घेतली म्हणून. खान्देशातील नाव कधी यादीत येईल की नाही, आणि ते मद्याचे असावे की मोहाच्या लाडवाचे, हे शहरातील रसिकांनी ठरवायचे नाही. मार्चच्या पहाटे टोपली घेऊन झाडाखाली जाणाऱ्या बाईला तो अधिकार कागदावर आहे; तो तिच्या ग्रामसभेपर्यंत पोहोचतो काय, एवढाच प्रश्न आहे.